चार माणसांची लिफ्ट

“तू एकटी तिघांची जागा घेतेस गं.”

मॅडम हे रागावून म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. त्या हसून म्हणाल्या, प्रेमाने, लहान मुलीला ‘किती गं खोडकर’ म्हणतात तसं.

सकाळचे सात पंचवीस. गिरगावातलं आमचं कॉलेज, तळमजला. जाळीच्या दरवाजाची जुनी लिफ्ट. आत मी, माझी चाकांची खुर्ची आणि लिफ्टमन तावडेमामा. बाहेर मॅडम आणि त्यांच्यासोबत दोन प्राध्यापक. लिफ्टमध्ये एक पितळी पाटी आहे. लिफ्ट चार माणसांची, असं तिच्यावर इंग्रजीत कोरलंय. मामा धरून चार. मी बाहेर आले की ते तिघे बरोबर मावत होते.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीच्या मुठी धरल्या.

“जरा भायर ये गो बाय. मॅडम इले.”

खुर्ची उलटी ओढताना मागचं चाक फटीत अडकलं. मामांनी झटका दिला. माझी पिशवी पडली, डबा घरंगळत संस्थापकांच्या पुतळ्यापर्यंत गेला. एका सरांनी डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “सांभाळून,” म्हणाले. मॅडमनी पदर सावरला आणि आत गेल्या. जाळी बंद होता होता म्हणाल्या, “लगेच खाली पाठवते हं.”

लिफ्ट लगेच खाली आली. तोवर आणखी तीन प्राध्यापक आले होते.

हा एका दिवसाचा प्रसंग नाही. तृतीय वर्षी आमचा पहिला तास साडेसातला आला, त्या पहिल्याच आठवड्यात तो पहिल्यांदा घडला, आणि मग रोज घडला. लिफ्टशेजारी दुसरी पितळी पाटीच आहे: ‘उद्वाहक केवळ अध्यापक व विश्वस्तांसाठी’. मला पहिल्या वर्षीच त्यातून सूट मिळाली होती. अर्ज केला, डॉक्टरांचा दाखला जोडला, दीड महिना थांबले, तेव्हा पत्र मिळालं. पत्रात लिहिलं होतं, ‘अध्यापकांची गैरसोय न होता’ विद्यार्थिनीस लिफ्ट वापरण्याची मुभा देण्यात येत आहे. मी ते पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून खुर्चीला बांधलं होतं. मूर्खपणा. त्या पत्रातले महत्त्वाचे शब्द पहिले चारच होते.

साडेसातच्या तासाला सगळे प्राध्यापक सात वीस ते साडेसात या वेळातच येतात. मी सातला येऊन बसायचे. पण मामांची ड्युटी सात वीसला सुरू होते आणि त्याआधी लिफ्टला कुलूप असतं. कुलूप निघून मी आत जाऊन बसले तरी, अध्यापक वर गेल्याशिवाय मला न्यायचं नाही, असा त्यांना आदेश होता. त्यामुळे मी रांगेत पहिली असायचे आणि वर जायचे शेवटची. सात चाळीस, कधी पावणेआठ.

पहिला तास मॅडमचा. विषय इतिहास. पेपरचं नाव ‘वंचितांचा इतिहास’. वर्ग तिसऱ्या मजल्यावर.

हजेरी पहिल्या पाच मिनिटांत. मैत्रीण सांगायची. मॅडम माझा नंबर पुकारायच्या, “फॉर्टी सेव्हन”, वर्ग गप्प, आणि मॅडम पुढचा नंबर घ्यायच्या. ज्यांनी मला लिफ्टमधून उतरवलं त्यांनीच दहा मिनिटांनी मला गैरहजर मांडलं. रोज. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला कारण आणि परिणाम यांचा काही संबंध असतो हे ठाऊक असावं, अशी माझी समजूत होती.

एकदा तासानंतर मी म्हटलं, “मॅडम, मी खालीच असते. तुम्ही बघता मला.”

त्या म्हणाल्या, “मला कळतं गं. पण हजेरी वर्गातली असते. मी तुला वर्गात कुठे बघते?”

पुढच्या तासाला त्यांनी आम्हाला, पाणवठ्यावर लोकांना तासन्‌तास ताटकळत कसं ठेवलं जाई, हे शिकवलं. फार छान शिकवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

माझ्या पायांत जन्मापासून जोर नाही. सेरेब्रल पाल्सी. हात ठीक, जीभ जरुरीपेक्षा ठीक. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. आजोबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे, त्यांना तळमजल्याची खोली मिळाली हे माझं नशीब. मी जन्मायच्या आधी मिळाली म्हणून नशीबच. चाळीमागच्या बुद्धविहारात पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं होती. बारावीपर्यंत ती दोन्ही मी वाचून संपवली. त्यात झुरळांनी अर्धी केलेली इतिहासाची पुस्तकं जास्त. तेव्हाच ठरवलं, इतिहास. उरलेला अर्धा भाग कुठे गेला ते बघायचं होतं.

कॉलेजात प्रवेश घेताना खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वाचला, मग काचेवर वाकून खुर्ची पाहिली.

“इतिहास तिसऱ्या मजल्यावर आहे. तू कॉमर्स घे ना. कॉमर्स खाली आहे.”

मला कॉमर्स आवडत नाही, म्हटलं.

“आवडीचं काय घेऊन बसलीस! खाली आहे ना.”

मॅडम, त्या बाई, मामा. सगळी बरी माणसं. माझ्या कहाणीत दुष्ट माणूस नाही, ही तिच्यातली मोठी अडचण आहे. ऐकणारे विचारतात, “पण तुला त्रास नेमका दिला कुणी?” मी बोट दाखवायला जाते तर समोर एक पितळी पाटी असते.

माझ्या आजोबांना गावी देवळाच्या पायऱ्या चढू दिल्या नव्हत्या. मला लिफ्ट चढू देत नव्हते. ही प्रगतीच म्हणायची. देवळाला तीनच पायऱ्या होत्या, इथे तीन मजले आहेत.

मी एक मागणीही केली होती. तळमजल्यावर विश्वस्तांची सभेची खोली आहे. लांब टेबल, भोवती बावीस खुर्च्या, भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी. वर्षातून दोनदा उघडते. आमच्या वर्गात रोज येणारे वीसेक जण. पहिला तास या खोलीत घ्या, असा साधा अर्ज. भिंत पाडायला नको, नवी लिफ्ट नको. फक्त कुलूप काढायचं. उत्तर आलं नाही. तोंडी कळलं की त्या खोलीतलं टेबल बर्मी सागाचं आहे.

मग परिसंवाद झाला.

विषय ‘सर्वांसाठी उच्चशिक्षण’. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात. पाहुणे बाहेरगावचे, दारात रांगोळी, फलकावर चार भाषांत ‘स्वागत’. आदल्या दिवशी मॅडमचा फोन. “उद्या तू नक्की ये. पुढे बस. नीट कपडे घाल हं.”

त्या दिवशी मी सात वीसला लिफ्टपाशी होते आणि लिफ्ट माझ्यासाठी उघडी होती. मामांच्या सदऱ्याला इस्त्री. मला एकटीला घेऊन लिफ्ट वर गेली. मधे कुठे थांबली नाही. मी आतून जाळीतून बघत होते. लिफ्टभोवती जिना आहे, आणि जिन्याने आमचे प्राध्यापक चढत होते. सगळे. मॅडम, डबा उचलणारे सर, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणणारे सर. नऊ जण मोजले. एकही जण पडला नाही. एकालाही दम लागला नाही. उलट गप्पा मारत चढत होते.

मामा म्हणाले, “आज काय ता समजाक नाय. सगळेच चालतंत.”

सभागृहात मला पहिल्या रांगेच्याही पुढे ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर आहे, शेजारी कुंडी होती. पाहुण्यांनी समावेशन या शब्दाचा इतिहास सांगितला. मॅडमनी माझी ओळख करून दिली. “ही आमची विद्यार्थिनी. रोज वरळीहून येते. जिद्द बघा.” टाळ्या. गुलाब. फोटो. मी हसले. तो फोटो आजही कॉलेजच्या माहितीपत्रकात आहे. मी चांगली हसलेय त्यात. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सात पंचवीसला मामा म्हणाले, “जरा भायर ये गो बाय.”

त्यानंतरच्या सोमवारी फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागली. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसलेल्यांची. अशांना परीक्षेला बसता येत नाही. पालकांना घेऊन यायचं, हमीपत्र लिहून द्यायचं, मग कॉलेज मोठ्या मनाने बसू देतं. यादीत नाव नसतं, नंबर असतो. फॉर्टी सेव्हन. फक्त एका पेपरला, पहिल्या तासाच्या. बाकी सगळ्या तासांना माझी हजेरी भरलेली, कारण एकदा वर गेले की मी दुपारपर्यंत खाली येत नाही. पाणीसुद्धा बेतानेच पिते. मुलींचं स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे.

बाबांना आणावं लागलं.

माझे बाबा फोर्टातल्या एका कंपनीत शिपाई. सकाळी पाचला उठून मला तयार करायला आईला मदत करतात, खुर्ची घडी करून ओळखीच्या टॅक्सीच्या डिकीत टाकतात, मला कॉलेजच्या दारात सोडतात आणि तिथून चालत ऑफिस गाठतात. तीन वर्षांत एकदाही त्यांनी मला सातनंतर पोचवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आणि पेढ्यांचा पुडा घेतला होता. मी म्हटलं, “बाबा, पेढे कशाला? मला शिक्षा झालीय.”

“असू दे. रिकाम्या हाताने जाऊ नये.”

उपप्राचार्यांची केबिन पहिल्या मजल्यावर. मी वर येऊ शकणार नाही म्हणून उपप्राचार्य सर स्वतः खाली आले. मला हे तीनदा सांगण्यात आलं. सर स्वतः खाली येतायत. त्यामुळे इतर मुलांचं जे बंद दारामागे झालं ते माझं पॅसेजमध्ये झालं, मधल्या सुट्टीत, संस्थापकांच्या पुतळ्यासमोर. मुलं वडापाव खात उभी होती. माझ्या सोयीसाठी.

सर बाबांशी बोलले. माझ्याशी नाही.

“इतर सगळ्या तासांना हजर असते. फक्त पहिल्याला नाही. याचा अर्थ काय होतो?”

बाबांनी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

“उशिरा उठते. दुसरा काय अर्थ होतो? घरी लक्ष द्या जरा. शारीरिक अडचण आहे, मान्य. पण आळसाला सवलत नसते.”

पाचला उठणारा माझा बाप. त्याने सरांकडे पाहिलं, मग सरांच्या बुटांकडे. आणि म्हणाला,

“हो साहेब. मी समजावतो तिला.”

मला तोवर वाटायचं, अपमान म्हणजे आपल्याला कुणी काही बोलणं. तसं नाही. अपमान म्हणजे आपल्या माणसाने आपल्या देखत ‘हो साहेब’ म्हणणं, आणि ते त्याला सवयीने येणं.

मी म्हटलं, “सर, मी रोज सातला इथे असते. याच जागेवर. मला लिफ्टमधून उतरवतात. मामांना विचारा.”

सर हसले. मामांना हाक मारली. मामा जाळीशी उभे होते, टोपी हातात.

“काय हो तावडे, तुम्ही हिला वर नेत नाही?”

“नेतो की साहेब. रोज नेतो.”

“कोणी उतरवतं तिला?”

मामांनी टोपी फिरवली. “मॅडम लोकांना घाई असते साहेब.”

“वेळेवर नेता ना?”

मामांनी जाळीची कडी चाचपली. सावंतवाडीकडचं घर, पोरगी लग्नाची, नोकरी कंत्राटी. हे सगळं मला माहीत होतं, सात वीसला उघड्या लिफ्टमध्ये अध्यापकांची वाट बघताना आमच्या गप्पा व्हायच्या.

“वेळेचा माझ्या ध्यानात नाय साहेब.”

खोटं बोलले नाहीत. मामा मला रोज वर न्यायचेच. ते सगळं खरं बोलले, आणि मी पॅसेजमध्ये खोटी ठरले.

कारकून छापील हमीपत्र घेऊन आला. सर्वांसाठी एकच नमुना. मी वाचलं. ‘मी माझ्या आळसामुळे व निष्काळजीपणामुळे वर्गात अनुपस्थित राहिले/राहिलो. याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे असे घडणार नाही.’ खाली पालकाची सही, खाली विद्यार्थ्याची.

टेबल नव्हतं. बाबांनी कागद पुतळ्याच्या चौथऱ्यावर ठेवला. खिशातलं पेन काढलं. बाबांचं अक्षर सुंदर आहे, चाळीतल्या सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. त्यांनी त्या सुंदर अक्षरात सही केली. अगदी शेवटची वेलांटीसुद्धा नीट काढली. मग कागद माझ्या मांडीवर ठेवला.

“कर बाळा. सही कर. वर्ष जाईल.”

मी म्हटलं, “यात एक ओळ घालू द्या. ‘लिफ्ट न मिळाल्यामुळे’. एवढीच.”

कारकून म्हणाला, “छापील मजकुरात बदल करता येत नाही.”

“मग ‘आळसामुळे’ खोडते.”

सर म्हणाले, “हे बघ, ही फॉर्मॅलिटी आहे. वाचतं कोण? सगळी मुलं करतात. सही कर आणि परीक्षेला बस. तुझ्याच हिताचं आहे.”

“वाचत नसेल कोणी तर खोडलेलं चालेल.”

मागे कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा बदलला.

“मग तू मुक्त विद्यापीठातून का करत नाहीस? घरबसल्या होतं. तुझ्यासारख्यांसाठी ते सोयीचं पडतं.”

घरबसल्या. मी जन्मापासून बसलेलीच आहे. फक्त कुठे बसायचं, एवढाच प्रश्न होता.

हातात पेन होतं. समोर इतिहासाचं एक वर्ष. मला परीक्षा हवी होती, हे मी कबूल करते. फार हवी होती. मी कादंबरीतली नायिका नाही. माझ्या मनात आलं की सही कर, वर जा, पदवी घे, मग बोल. शहाणी माणसं असंच करतात. बाबांनी तेच केलं, मामांनी तेच केलं. मॅडमही कधीतरी तरुण असताना असंच काहीतरी सही करून आल्या असतील. असं करत करत ती पाटी तिथे राहिली आहे.

आणि उद्या हा कागद फाइलला लागेल. पुढे कुणी विचारलं की एवढं छान कॉलेज, एवढे परिसंवाद, ही मुलगी वर्गात का नव्हती, तर फाइल सांगेल, आळशी होती, तिने स्वतःच लिहून दिलंय, बापाने सुंदर अक्षरात साक्ष दिलीय. विहारातल्या कपाटात अर्धी पुस्तकं झुरळांनी खाल्ली होती. उरलेली अर्धी कशी लिहिली जातात ते मला त्या पॅसेजमध्ये कळलं.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

बाबा म्हणाले, “अगं—”

“नाही करणार.”

कागद मी चौथऱ्यावर परत ठेवला. फाडला नाही. फाडण्यात नाटक असतं, आणि त्यावर माझ्या बापाची सही होती.

सर घड्याळ बघून म्हणाले, “तुझी मर्जी,” आणि जिन्याने वर गेले. पेढ्यांचा पुडा पुतळ्यापाशी राहिला. बाबांनी तो परत घ्यायचं सुचवलं नाही, मीही नाही.

वर्ष गेलं. हे मी शोभा म्हणून सांगत नाही. गेलं म्हणजे गेलं. मैत्रिणी पास झाल्या, एक एम.ए.ला गेली. आम्ही त्याच काळात चाळ सोडून पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये राहायला आलो. सतरावा मजला. इथल्या लिफ्टमध्ये खाट मावते. मी एकटी बसून सतरा मजले खाली जाते, वर येते, बटणं दाबते, कुणी उतर म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत मी तेच केलं. खाली, वर. खाली, वर. आई म्हणाली, “वेडी झालीस का गं?” जगात तीन मजल्यांहून अवघड काही नाही, हे मला सतराव्यावरून स्वच्छ दिसत होतं.

पॅसेजमधल्या त्या दिवसानंतर बाबा आठ दिवस बोलले नव्हते. नवव्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघत, म्हणाले, “आमच्या ऑफिसात साहेबांची लिफ्ट वेगळी आहे. बावीस वर्षं झाली. मी चार मजले जिन्याने फायली नेतो. कुणी मला चढू नको म्हटलेलं नाही. पाटीपण नाही.”

मी थांबले. वाटलं, पुढे काहीतरी येईल.

“सही केली ते चुकलं, असं मी म्हणणार नाही,” बाबा म्हणाले. “तू मला म्हणायला लावू नकोस.”

मी लावलं नाही. तो विषय आमच्या घरात तिथे संपला. पण दुसऱ्या दिवसापासून बाबा मला पुन्हा वर्ष भरायच्या फॉर्मबद्दल विचारू लागले. तारीख काय, कागद काय. एवढंच.

जूनमध्ये मी पुन्हा त्याच कॉलेजात गेले. तोच वर्ग, तोच विषय, तोच मजला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “परत इतिहासच?” मी म्हटलं, “परत तोच.”

बदल काय झाला ते सांगते. कॉलेजने समावेशन समिती नेमली आहे. अध्यक्ष आमच्या मॅडम. समितीच्या बैठका दुसऱ्या मजल्यावर होतात. मला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बोलावणं आलं होतं. मी पोचले तेव्हा बैठक संपली होती. इतिवृत्तात मी गैरहजर आहे.

लिफ्टशेजारची पाटी तीच आहे. पितळेची आहे, चांगली घासूनपुसून ठेवतात.

पहिल्या दिवशी सात वीसला मामांनी कुलूप काढलं. मी आत गेले. मामा माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, “रागावलंस काय गो माझ्यार?”

“नाही मामा.”

“माझी नोकरी जातली, म्हणान—”

“माहितीय मामा.”

खरंच माहीत होतं. पण माहीत असणं आणि माफ करणं यांत अंतर असतं, आणि त्या अंतराला लिफ्ट नाही. 

सात पंचवीसला मॅडम आल्या. सोबत दोन प्राध्यापक. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला. “आलीस परत! शाब्बास. हीच ती जिद्द.” मग घड्याळ पाहिलं. मामांकडे पाहिलं.

मामा म्हणाले, “बाय, जरा भायर...”

मी खुर्चीचा ब्रेक लावला. आधी डावा, मग उजवा. चाकांच्या खुर्चीला दोन ब्रेक असतात, ‘टक्’ असा आवाज येतो. तीन वर्षांत मी ते लिफ्टमध्ये कधी लावले नव्हते. आपल्याला ओढून काढणाऱ्याला सोपं जावं, याची काळजी मीच घेत होते.

“मॅडम, मी उतरणार नाही.”

“अगं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. लगेच पाठवते खाली.”

“मग तुम्ही दोन मिनिटांनी या.”

एक सर म्हणाले, “हा काय उद्धटपणा?” मॅडमनी पदर सावरला. त्यांचा चेहरा दुखावलेल्या माणसाचा होता. मला वाटतं त्या खरोखर दुखावल्या होत्या. त्यांनी माझ्यावर तीन वर्षं माया केली होती, आणि मी ब्रेक लावला.

मामा मला वर नेईनात, सांगितल्याशिवाय कसं नेणार. जाळी उघडी राहिली, आणि जाळी उघडी असली की लिफ्ट चालत नाही. अशी ती तळमजल्यावर उभी राहिली. मी आत, ते बाहेर. मग ते जिन्याने गेले. मॅडमनी वर जाऊन हजेरी घेतली. नंबर नवा आहे, एकोणचाळीस. गैरहजर.

म्हणजे मी काहीच जिंकले नाही. हे स्पष्ट असू द्या. पुढचे चार दिवस हेच झालं. चारही दिवस गैरहजर. फरक एवढाच की आता मी उतरत नाही, आणि रोज दुपारी वर्ग संपवून खाली आल्यावर खिडकीत एक अर्ज देते: ‘आज सकाळी सात वाजल्यापासून मी इमारतीत हजर होते. लिफ्टमनला दिलेल्या आदेशामुळे पहिल्या तासाच्या हजेरीला पोचू शकले नाही. यात लिफ्टमनचा दोष नाही.’ बाई कपाळाला आठ्या घालतात, पण आवक शिक्का मारतात. शिक्क्यावर तारीख असते. अर्जांची उत्तरं येणार नाहीत. मला ती नकोच आहेत. मला शिक्के हवेत.

काल मला नोटीस मिळाली. कारणे दाखवा. संस्थेच्या मालमत्तेचा वापर रोखून धरल्याबद्दल आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये. उत्तर सात दिवसांत द्यायचं आहे. नमुना छापील आहे. कारणासाठी दीड ओळ सोडली आहे. शेवटी एक वाक्य आधीच छापलंय, ‘झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे’, आणि खाली सहीची रेघ.

दीड ओळीत मी लिहिलंय, ‘सोबत जोडपत्र पाहावे’. ते जोडपत्र म्हणजे हे. ‘दिलगीर’ या शब्दावर मी एक रेघ मारली आहे, सरळ, पट्टीने. छापील मजकुरात बदल करता येतो. मग सही केली आहे. माझं अक्षर बाबांसारखं चांगलं नाही.

कॉलेजातून काढतील कदाचित. काढलं तर तो कागदसुद्धा शिक्का मारून मागेन. नाही काढलं तर उद्या सातला मी पुतळ्यापाशी असेन. सात वीसला कुलूप निघेल. मी आत जाईन, आधी डावा ब्रेक लावीन, मग उजवा. आणि उतरणार नाही.